निळ्या देवाचा अंगरखा

पालखीची रात्र होती. अग्रशाळेच्या ओसरीवर बसून आम्ही एक चित्रसंग्रह चाळीत होतो. निळ्या देहाच्या, मुकुटधारी नर्तकाचे एक रंगीत चित्र पाहून शेजारचे स्नेही उसळले, "हा कृष्णाचा अपमान! वकीलबाब, नोटीस द्या!"

चित्र बाक्स्ट या रशियन चित्रकाराचे होते. सर्गेई दिआघिलेव्ह यांच्या 'बॅले रूस' या नृत्यमंडळीने १३ मे १९१२ रोजी पॅरिसच्या शातले नाट्यगृहात 'निळा देव' हे नृत्यनाट्य सादर केले, त्याच्या वेशभूषेचा हा आराखडा. देव झाला होता निजिन्स्की. पुरोहितांनी राक्षसांच्या तोंडी दिलेल्या एका तरुणीला हा देव कमळातून प्रकट होऊन सोडवतो, असे कथानक. नृत्यरचनाकार फोकिन यांनी १९०० साली पीटर्सबर्गला सयामी नर्तकांचा ताफा पाहिला होता. देवाच्या हस्तमुद्रांवर छाप होती ती त्यांची. देव आमच्याकडचा, हात सयामचे, संगीत फ्रेंच! प्रयोग फारसा रुचला नाही आणि लवकरच मागे पडला.

पुढच्याच वर्षी, २९ मे १९१३ रोजी, त्याच मंडळीने 'वसंतविधी' रंगभूमीवर आणला. संगीत स्त्राविन्स्कीचे, नृत्यरचना निजिन्स्कीची. विषय त्यांच्याच मातीतला, प्राचीन रशियातील वसंताचा बळिविधी. प्रेक्षागृहात एवढा गोंगाट झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. तरीही जगभर आजवर पुनःपुन्हा रंगभूमीवर येत राहिला तो हाच विषय. उसना देव वेशभूषेपुरता उरला. स्वतःचा विधी जिवंत राहिला.

हे ऐकून स्नेही सुखावले. परंतु वकिलाला प्रतिपक्षाची बाजूही पाहावी लागते. दावा लावायचा तर आपली वहिवाट सिद्ध करावी लागते. त्या काळी आमच्या देवळांपुढे प्रत्यक्ष नाचणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या कलेचा आस्वाद आम्ही घेतला, मान मात्र दिला नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. मुली देवाला वाहण्याची चाल मोडली, हे न्याय्यच झाले. त्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु चालीबरोबर कलाही अमंगळ ठरवली, ती कायद्याने नव्हे, आम्ही. ज्यांच्या पायांत ती विद्या होती, त्यांच्या लेकींना ती सन्मानाने पुढे न्या, असे सांगावयास आमच्यापैकी किती जण गेले?

निजिन्स्कीचा तो अंगरखा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने जतन केला आहे. आमच्या देवापुढे नाचलेल्या एखाद्या स्त्रीची घुंगरे कोणी जपली आहेत काय, असे आम्ही स्नेह्यांस विचारले. ते काही बोलले नाहीत. एवढ्यात सनई सुरू झाली आणि आम्ही दोघेही पालखीसाठी उठलो.