अर्ज करू नये

आमच्या भिंगारात नीतीचा वाद उकरायला निमित्त लागत नाही. १७०७ साली औरंगजेब इथल्याच छावणीत वारला. देह खुलताबादला नेऊन पुरला, पण त्या जागेला आलमगीर हे नाव चिकटलं ते आजतागायत. अखेरच्या दिवसांत त्याने मुलांना लिहिली असं सांगितलं जातं त्या पत्रांमध्ये पापाचं ओझं आणि पुढच्या हिशेबाची धास्ती आहे. टपरीवर विषय निघाला की एक जण म्हणतो, पापच होतं ते, मरताना कळून काय उपयोग? दुसरा म्हणतो, राज्य करायचं तर हे सगळं करावंच लागतं. दोघंही हमरीतुमरीवर येतात. माझा विषय नीतिमीमांसा असल्यामुळे मला त्या वेळी तिसराच माणूस आठवतो, जॉन मॅकी.

सिडनीत १९१७ साली जन्मलेला आणि पुढे ऑक्सफर्डला शिकवणारा हा तत्त्वज्ञ दोघांनाही एकदम खोटं पाडतो. १९४६ च्या एका निबंधात त्याने ही भूमिका मांडली आणि १९७७ च्या पुस्तकात पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की वस्तुनिष्ठ मूल्यं नावाची चीज अस्तित्वातच नाही. हीच एरर थिअरी. त्याआधी एअरसारखे तत्त्वज्ञ म्हणत होते की 'हे वाईट' म्हणजे नुसता नाराजीचा उद्गार, त्यात खरं-खोटं काय पाहायचं? मॅकीला हे पटत नव्हतं. माणसं उद्गार काढत नाहीत, दावा करतात. आणि तो दावा ज्या गोष्टीबद्दल असतो ती गोष्टच जगात नाही, म्हणून तो खोटा. मग 'त्यात काही गैर नाही, करायला मुभा आहे' हेही खरं ठरत नाही. शैव मोठे की वैष्णव या भांडणात नास्तिक जिथे उभा असतो, तिथे मॅकी उभा आहे. विद्यार्थ्यांना वाटतं की याचा अर्थ चोऱ्यामाऱ्या करायला रान मोकळं. तसं नाही. नीती सापडत नाही, ती माणसांनी घडवायची असते, असं म्हणून त्याच पुस्तकात तो ती कशी घडवावी याचा नीट विचार करतो.

त्याचे युक्तिवाद मुख्यतः दोन. समाजासमाजांत नीतीबद्दल मतभेद आहेत, हा पहिला; मला तो लेचापेचा वाटतो. मतभेद कशात नसतात? दुसरा मात्र बोचतो. नीतीचं 'करू नये' हे विचित्र प्रकरण आहे. पावसात भिजू नये, कारण ताप येईल. ताप चालत असेल तर खुशाल भिजावं. नीतीचं 'नये' असं सोडत नाही. तुमची इच्छा काहीही असो, ते तुम्हाला बांधून घालतं. दगडमातीच्या जगात असलं बांधून घालणारं काही कुठे असतं, आणि ते आपल्याला दिसतं कोणत्या डोळ्याने?

याचं उत्तर शोधताना मी ऑक्सफर्डला जात नाही. भिंगारला लागून असलेल्या भुईकोट किल्ल्यात जातो.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला मुंबईत पकडून इथे आणलं. अध्यक्ष मौलाना आझाद त्यांत होते. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे सगळ्यांना पाठ असतं. आझादांचं 'गुबार-ए-खातिर' मात्र आपल्याकडे फार कुणी उघडत नाही. टपालात कधीच न पडलेली ही पत्रं त्यांनी मित्राला उद्देशून लिहिली आणि ती १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. १९४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून बायको, झुलेखा बेगम, गंभीर आजारी असल्याची बातमी आली. तुरुंगाचा सुपरिंटेंडेंट येऊन म्हणाला, सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पाठवतो. आझाद म्हणाले, मला सरकारकडे काहीही मागायचं नाही. तो जवाहरलालांकडे गेला. दुपारी जवाहरलाल येऊन बराच वेळ बोलले; त्यांनाही तेच उत्तर मिळालं. ९ एप्रिलला बेगम गेल्या. छत्तीस वर्षांचा संसार होता.

मधल्या दिवसांबद्दल आझादांनी जे लिहिलंय ते माझ्या धंद्यातल्या लोकांनी पुनःपुन्हा वाचावं असं आहे. वर्तमानपत्र यायची वेळ झाली की छातीत धडधड व्हायची. पण ते मुद्दाम शांतपणे बसून राहायचे, दिनक्रमात तसूभरही बदल करायचे नाहीत. आणि मग स्वतःच कबूल करतात की हा सगळा बाहेरचा देखावा होता, मनातला गर्व ती भूमिका वठवत होता.

एरर थिअरीवाल्याला याहून काय हवं? बघा, म्हणेल तो, 'मागू नये' हे कुठल्या सत्यातून आलं नाही, अहंकारातून आलं. पण नीट वाचा. आझाद गर्वाच्या खात्यावर टाकतात तो शांतपणाचा आव. नकार चुकला असं ते म्हणत नाहीत. एखादी समजूत कुठून आली आणि ती खरी आहे का, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले. आमच्यातल्या भल्याभल्यांना ते जमत नाही.

बरं, इच्छेवरच सगळं असतं तर त्यांची सर्वांत मोठी इच्छा उलट्या दिशेने ओढत होती. नकाराला कारणं होती आणि ती साधी होती. हे अध्यक्ष, खटला न चालवता डांबणारं हे सरकार, आणि घरी कुणी आजारी पडलं तरी सवलत विचारायलाही कुणी येणार नाही असे इतर हजारो कैदी. मॅकी म्हणेल, या वस्तुस्थिती मला मान्य, पण त्यांच्यापासून 'नये'पर्यंतची उडी दाखवा. दाखवता येत नाही, हे मी मान्य करतो. पण 'पुराव्याविरुद्ध काही मानू नये' याचीही उडी कुणी दाखवलेली नाही. तेही इच्छा विचारत नाही, आणि मॅकीचा सगळा युक्तिवाद त्याच्याच जोरावर उभा आहे. बार्ट स्ट्रुमर या तत्त्वज्ञाने २०१७ मध्ये हे पुरतं ओळखून शेवटपर्यंत नेलं: असली सगळीच विधानं खोटी, एरर थिअरी खरी, फक्त तिच्यावर आपल्याला विश्वास ठेवता येणार नाही! प्रामाणिकपणाबद्दल त्याला नमस्कार. पण ज्यावर विश्वास ठेवायला कारणच उरत नाही ते मी का स्वीकारावं?

म्हणून 'आझादांनी मागायला नको होतं' हे वाक्य खरं असू शकतं, असं मी मानतो. अडचण वेगळीच आहे. समजा त्याच किल्ल्यातल्या दुसऱ्या कुणा कैद्याने बायकोसाठी अर्ज केला असता, तर ते गैर ठरलं असतं का? मला तसं वाटत नाही, आणि आझादांनीही तसं कुठे सुचवलेलं नाही. मग एकाच परिस्थितीत ते 'नये' एकालाच का लागू पडतं? अध्यक्षपदामुळे, असं म्हणून मी वर्गात वेळ मारून नेतो, आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी विचारते, "सर, ते नुसते सदस्य असते तर?"