ग्राट्झचें शस्त्रागार आणि आमचें चिलखत

ऑस्ट्रियाच्या दक्षिणेस स्टायरिया नांवाचा प्रांत आहे. मूर नदीच्या कांठचें ग्राट्झ हें त्याचें मुख्य शहर. आमची कन्या तेथें राहते. गेल्या वैशाखांत तिच्याकडे गेलों असतां हेरेनगास या रस्त्यावरील जुनें शस्त्रागार पाहण्याचा योग आला. बाहेरून इमारत साधीच. दाराच्या दोहों बाजूंस मार्स व मिनर्व्हा या रोमन देवतांचे पुतळे आहेत, तेवढीच काय ती ओळख.

इ. स. १६४२ ते १६४५ या काळांत ही इमारत उभी राहिली. (शिवप्रभु तेव्हां बारा-पंधरा वर्षांचे होते.) या सरहद्दीवर तुर्कांच्या स्वाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या धास्ती असे, म्हणून प्रांताच्या प्रतिनिधिसभेनें शस्त्रें व चिलखतें एका जागीं जमविलीं. प्रसंग आला कीं तीं शिपायांस वांटावयाचीं, आणि काम सरलें कीं परत घेऊन, दुरुस्त करून पुन्हां खुंटीस टांगावयाचीं, असा क्रम. १७४९ सालीं मारिया थेरेसा राणीनें सैन्याची नवी व्यवस्था लावतांना हें शस्त्रागार मोडावयाचें मनांत आणिलें. तेव्हां पूर्वजांच्या शौर्याचें स्मारक म्हणून तरी तें राहूं द्यावें, अशी प्रांताच्या पुढाऱ्यांनीं विनंती केली व राणीनें ती मान्य केली. उपयोग सरलेलें लोखंड तेव्हांपासून पावणेतीनशें वर्षें जपलें गेलें आहे.

आंत शिरतांच तेल आणि जुनें लांकूड यांचा मिश्र वास येतो. वरच्या चार मजल्यांच्या जमिनी व छतें लांकडी असून सर्व मिळून सुमारें ३२,००० वस्तु येथें आहेत. छातीचे पत्रे, शिरस्त्राणें, जाळीचीं चिलखतें हीं वाण्यानें दुकानांत माल मांडावा तशीं ओळीनें लाविलेलीं, आणि बहुतेक उघड्यावरच. गंज शोधावा म्हणून आम्ही चष्मा पुसून वांकून पाहिलें, तों मार्गदर्शक बाईंनीं नम्रपणें, पण लगबगीनें, हात मागें घ्यावयास सांगितलें. घामांत मीठ असतें. बोटाचा ठसा पुसला गेला नाहीं तर कांहीं दिवसांनीं त्याच आकाराचा गंज उमटतो. जेथें चामड्याचा पट्टा खिळ्यानें जडविलेला असतो तेथेंही असेंच, कारण चामडें ओल धरून ठेवतें. लांकूड हवेंतील दमटपणा हळूहळू घेतें व हळूहळू सोडतें, हाही या घराचा एक गुण. १९८८-८९ सालीं येथल्या जुन्या बंदुका ऑस्ट्रियन लष्करानें खरोखर भरून उडवून पाहिल्या, त्या उडाल्या!

हें ऐकतांना आमचें चित्त ठिकाणावर नव्हतें. आमच्या मूळ घरीं माळ्यावर एक कड्यांचें चिलखत आहे. कोणी पूर्वज पेशवाईंत एका सरदाराच्या पागेकडे कारकून होते, त्यांस तें मिळालें अशी घरांत समजूत. कारकुनास चिलखत कशास, हें कोणीं विचारलें नाहीं. वर्षभर तें गोणपाटांत असे. खंडेनवमीस खालीं काढावयाचें, पाणी शिंपडून हळदकुंकू वाहावयाचें, आणि तसेंच ओलें पुन्हां गोणपाटांत गुंडाळावयाचें. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील पंचाहत्तराव्या सूक्ताचा आरंभच कवचाच्या स्तुतीनें होतो. तेल लावण्याविषयीं मात्र त्यांत अक्षर नाहीं, आणि आम्हांसही तें सुचलें नाहीं. बारा वर्षांचे असतांना एकदां उत्साहाच्या भरांत आम्हीं तें चिंच व राख लावून पितळी भांड्यासारखें घांसलें. सर्वांनीं पाठ थोपटली. चिंचेनें गंज निघाला खरा, परंतु तिचा आंबटपणा कड्याकड्यांत राहिला व पाणीही नीट वाळविलें नाहीं. पुढच्या वर्षीं खांद्याकडचीं कडीं एकमेकांस चिकटून घट्ट ढेप झाली होती. दोष पावसाळ्यावर गेला.

बाईंस आम्हीं कन्येकरवीं विचारलें कीं, आतां गोडें तेल लावलें तर चालेल काय? त्या हंसल्या. असलें तेल हवेंत चिकट होऊन धूळ धरतें. खनिज तेल किंवा मेण बरें, परंतु आधीं तें कोरडें करा आणि जाणत्यास दाखविल्यावांचून घांसूं नका, असें त्या म्हणाल्या.

परत आल्यावर पहिल्यांदा माळा गांठला. गोणपाट उकलतांना तांबडी पूड हातावर पडली. डावा खांदा गेल्यांतच जमा आहे. छातीकडचीं कडीं मात्र अजून सुटीं असून हलविलीं कीं बारीक वाजतात. प्रत्येक कडीचें टोंक चेपून इवल्या खिळ्यानें बसविलेलें आहे, हें इतक्या वर्षांत प्रथमच भिंगांतून पाहिलें. सध्यां तें घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पाटावर ठेविलें आहे. संग्रहालयाचें काम केलेले एक गृहस्थ दिवाळीनंतर येऊन पाहणार आहेत. येत्या खंडेनवमीस पाणी शिंपडावयाचें नाहीं असें आम्हीं सुचविलें. सौभाग्यवतींस तें अर्धेंच मान्य आहे. फूल वाहावयाचें, पण डब्याच्या झांकणावर, इतक्यावर तूर्त तडजोड झाली आहे.