निरंक

"सुट्टीत काय केलंस?" या प्रश्नाला मी "गरुड मोजले" असे उत्तर दिले, तेव्हा आमच्या वर्गात चांगलाच हशा पिकला. एका मैत्रिणीने तर, भाजी तोलून घ्यावी तशा सुरात, "किती भरले?" असेही विचारले. तिला मी आकडा सांगितला. पण त्या आकड्यात न धरलेला एक तास होता, त्याविषयी काही बोलले नाही. ते आता लिहिते.

माझे मामा सैन्यात आहेत. त्यांची बदली हिमाचल प्रदेशात धरमशालेजवळ योल येथे झाली, आणि गेल्या मार्चमध्ये मी बारा दिवस त्यांच्याकडे गेले होते. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. सारे त्यांना मास्टरजी म्हणत. पहाटेची बस पकडून ते रोज धरमकोटच्या वरच्या डोंगरधारेवर जात आणि दिवस कलला की उतरत. "एकटेच जाता, हिलाही न्या," असे मामांनी सुचवले आणि गळ्यात दुर्बीण अडकवून माझी रवानगी झाली.

पाठीशी धौलाधारचा बर्फ, समोर कांगड्याचे हिरवे खोरे आणि उतारावर लालभडक फुललेला बुरांस. मधल्या आकाशातून स्टेप गरुड जायचे. हा पक्षी मंगोलिया-कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांतला. थंडी काढायला तो आपल्याकडे, पार राजस्थानपर्यंत उतरतो. शरदात हिमालयाच्या कडेकडेने पश्चिमेकडे जाणारे हे गरुड वसंतात त्याच वाटेने पूर्वेकडे परततात.

मास्टरजींची पद्धत साधी होती. एका मोठ्या देवदाराच्या शेंड्यापासून वरच्या सुळक्यापर्यंत मनाने एक रेषा ओढायची. ती ओलांडून पूर्वेला गेला तोच गरुड मोजायचा. घिरट्या घालणारा मोजायचा नाही. नाहीतर एकच पक्षी दोनदा वहीत येतो. तिथलीच रहिवासी गिधाडे आणि घारी सोडून द्यायच्या. पंखाखाली लांब पांढरा पट्टा दिसला की ते कोवळे पिल्लू. त्याचा रकाना निराळा. दर तासाला एक ओळ: वारा, ढग, प्रौढ, पिल्ले. सकाळी आठ ते नऊ बहुधा कोणीच येत नसे. उन्हाने उतार तापून हवा वर चढू लागल्याशिवाय एवढा जड पक्षी नुसता तरंगत जाऊ शकत नाही. तरीही त्या तासाची ओळ असेच, आणि तिच्यात शून्य.

अकराच्या सुमारास मात्र दृश्य पालटे. खोऱ्यातून एक ठिपका वर येई, मग दुसरा, मग दहा. पंख न हलवता ते गोल गोल चढत आणि उंची गाठली की सुटलेल्या बाणासारखे पूर्वेला निघून जात. एका तासात मी ४१ मोजले, तेव्हा आनंदाने माझे हात थरथरत होते.

सहाव्या दिवशी दुपारी मास्टरजी काही कामासाठी खाली धरमकोटला गेले. "एक से दो तुम देखना," म्हणाले. वही प्रथमच माझ्या एकटीच्या हाती आली. उबदार ऊन होते, पराठे खाऊन झाले होते. दगडाला टेकले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा धारेवर ढग उतरला होता आणि दोन वाजायला पाच मिनिटे होती. आधीच्या तासात २३ गेले होते. मी विचार केला आणि १७ लिहिले. फार मोठाही नाही आणि संशय यावा असा पूर्णांकी दहा-वीसही नाही. आकडा कसा सभ्य दिसत होता!

मास्टरजी आले. वही वाचली, आकाशाकडे पाहिले आणि सहज विचारले, "इनमें बच्चे कितने थे?"

पिल्लांचा रकाना मी कोराच ठेवला होता. माझा चेहराच सारे बोलला असावा. ते रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिल माझ्या हाती दिली. मी १७ खोडून शून्य लिहू लागले, तर त्यांनी हात धरला. म्हणाले, "ज़ीरो भी देखना पड़ता है, बेटी." मग त्या ओळीत मी आडवी रेघ मारली.

उतरताना त्यांनी मला अमेरिकेतल्या हॉक माउंटनची गोष्ट सांगितली. पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगरावर शिकारी पक्ष्यांची सर्रास कत्तल होई. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती थांबवली आणि मॉरिस ब्रून तिथे पक्षी मोजू लागले. १९३५ ते १९३९ या काळात तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांत शेकडा ४० कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते शेकडा २० वर आले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हा पुरावा मांडला. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढे सिद्ध झाले आणि १९७२ साली अमेरिकेने त्याचा बहुतेक वापर बंद केला. आकाशात गरुड तर दिसतच होते. नव्हती ती पिल्ले. जे नाही ते कोणीतरी इमानाने लिहून ठेवले होते, म्हणून कळले.

आपल्या स्टेप गरुडाचीही कथा फार वेगळी नाही. २०१५ साली त्याचे नाव जागतिक संकटग्रस्तांच्या यादीत गेले. गिधाडांचा संहार करणारे डायक्लोफेनॅक राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरातही सापडले आहे.

१९७२ म्हटल्यावर मला माझे आजोबा आठवले. ते तहसील कचेरीत कारकून होते आणि पर्जन्यमापक त्यांच्याकडे असे. त्या दुष्काळात रोज सकाळी ते नोंदवहीत एकच शब्द लिहीत: निरंक. एकदा रात्री २ मिलिमीटर पाऊस झाला. धुरळाही बसला नाही. दुष्काळी कामे लवकर निघावीत म्हणून त्यांचे सख्खे भाऊ सकाळीच दारात आले. "दादा, एवढं निरंक लिही." आजोबांनी २ लिहिले. दोघा भावांत वर्षभर अबोला होता.

लहानपणी हे ऐकताना मला आजोबा निष्ठुर वाटत. भुकेल्या माणसाला २ मिलिमीटरचे सत्य काय कामाचे, असे आजही कधी कधी वाटते. पण आजोबा म्हणत, "पडलेला लिहिला नाही, तर न पडलेला कोण खरा मानील?" मला तर कोणी विनवलेही नव्हते. कोणाचे पोट माझ्या आकड्यावर अवलंबून नव्हते. केवळ स्वतःची झोप झाकायला मी सतरा गरुड आकाशात सोडले होते.

दुसऱ्या दिवशी मास्टरजींनी वही पुन्हा माझ्याच हाती दिली. सकाळचे आठ ते नऊ मी दुर्बीण खाली ठेवली नाही. खोऱ्यातून धूर चढला, दोन घारी फिरून गेल्या, थंडीने बोटे आखडली. नऊ वाजता मी माझी ओळ लिहिली. वारा मंद, ढग नाहीत. प्रौढ ०, पिल्ले ०.