खाडीपलीकडचा फोन

3 डिसेंबर 2025, बुधवार

डोंबिवलीच्या मानपाड्याहून भाच्याचा फोन. आम्ही ठाण्याच्या मानपाड्यात, ताई त्या मानपाड्यात. कुरिअरवाले वर्षानुवर्षं दोन्हीकडे चुकतात. भाच्याला आता क्लाउडवरचा फोन घ्यायचाय. "मामा, नेटचा स्पीड किती लागेल तेवढंच सांग. आपल्याकडे शंभरचा प्लॅन आहे."

आधी हवंय काय ते विचारून घेतलं. ताईच्या मसाल्यांच्या आणि मेतकुटाच्या ऑर्डरी एकाच मोबाइलवर येतात. तो कधी घरी ताईजवळ, कधी एमआयडीसीतल्या गाळ्यावर भाचेसुनेजवळ. जिच्याकडे नसेल तिने दुसरीला फोन करून ऑर्डर वाचून घ्यायची. म्हणून हा भाड्याचा फोन. हातात धरण्यासारखं त्यात काहीच नाही. कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर अँड्रॉइड चालू असतं, ॲप तिथेच, फोटो तिथेच. आपल्याकडे येतं ते त्याच्या पडद्याचं चालतं चित्र. आपण काचेवर बोट टेकवलं की कुठे टेकवलं एवढाच निरोप तिकडे जातो, तिकडे ते बटण दाबलं जातं आणि बदललेला पडदा व्हिडिओ होऊन परत येतो. घरी आणि गाळ्यावर, दोघींसमोर एकच पडदा.

"मग शंभर पुरतील ना?"

म्हटलं, शंभरातले चार-पाचही पुरतील, अडणार ते दुसरीकडेच. रविवारी येतो.

4 डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. देवळात गर्दी, घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली त्याहून जास्त. संध्याकाळी कुठे गेलो नाही, कागद घेऊन बसलो.

एमटीएनएलमधून 31 जानेवारी 2020 ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन जे हजारो बाहेर पडले त्यांतला मी एक. आकडे अजून तोंडपाठ आहेत. एक बोलणं म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. अशी 30 बोलणी, शिवाय सिग्नलिंग आणि ताळमेळासाठी आणखी दोन खाने, मिळून 2.048 मेगाबिटची ई-वन लाइन. एका ई-वनवर अख्खी ऑफिसं चालायची. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे 2004 साली कमीत कमी 256 किलोबिट होतं, 2013 मध्ये 512 झालं आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. जेवढ्यात तीस माणसं बोलायची तेवढं आता एका जोडणीला किमान, आणि भाच्याच्या या फोनला तेवढंही काठावरच.

त्या फोनचा पडदा 720 च्या दर्जाचा आणि सेकंदाला 30 चित्रांचा धरला तर 2 ते 4 मेगाबिट लागतात. 1080 आणि 60 चित्रं म्हटलं की आकडा दहाच्या पुढे जातो. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही खेळांची सेवा 60 चित्रांना 720 साठी 15 आणि 1080 साठी 25 मेगाबिट मागते. पण तिथे गोळीबार चालू असतो. मेतकुटाच्या ऑर्डरीला साठ चित्रं कोण मागतंय? पडदा स्थिर असला की पाठवायला फारसं काही नसतंच. यादी सरकवली की मात्र एकदम लाट येते, आणि ती लाट पेलायला चार-पाचाची सोय हवी.

भाच्याला एकच हिशेब लिहून पाठवला. 3 मेगाबिट तासभर चालले तर 1.35 जीबी होतात. लोकलमध्ये उभ्याउभ्या हा फोन उघडून बसलास तर रोजच्या दीड जीबीचं रिचार्ज कल्याण-सीएसएमटी एका फेरीत संपेल. उत्तरादाखल त्याने नुसता अंगठा पाठवला.

5 डिसेंबर, शुक्रवार

जाहिरातीतला स्पीड सेकंदाला किती माल येतो ते सांगतो. पहिला दाणा किती वेळाने पोचतो, ते कुठल्याच पोस्टरवर नसतं.

आम्हाला हे आर्वीने शिकवलं. नारायणगावजवळच्या आर्वीला 1971 मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशचे कॉल उपग्रहावरून जाऊ लागले. उपग्रह 36,000 किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. आवाज स्वच्छ असायचा, पुष्कळदा गावातल्या कॉलपेक्षा बरा. तरी बोलणं जमायचं नाही. दोघं एकदम सुरू करायचे, एकदम थांबायचे, मग दोघंही "तू बोल, तू बोल." मिनिटाचे पैसे त्यातच जायचे. त्या लाइनवर आणखी चॅनल टाकून काहीही उपयोग नव्हता, कारण अडचण अंतराची होती. आयटीयूची जी.114 नावाची शिफारस बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. 400 ची रेघ ओलांडूच नये, असंही तीच म्हणते.

बोटाचा स्वभाव कानाहून उतावळा. टेकवल्यापासून पडदा हलेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला तर चालतं, त्याहून जास्त गेला की माणूस पुन्हा दाबतो आणि ऑर्डर दोनदा जाते. त्या शंभर मिलिसेकंदांतले बरेचसे चित्र आवळण्यात आणि उलगडण्यात खर्च होतात. वाटेसाठी उरतात ते थोडे.

भाच्याने पाहून ठेवलेले स्वस्त फोन सिंगापूरचे आहेत. काचतंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-सिंगापूर सरळ अंतर 3,900 किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन 40 मिलिसेकंद निसर्गनियमानेच गेले, आणि केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात 60 च्या आसपास. अमेरिकेचा पश्चिम किनारा घेतला तर 200 च्या वर. तिकडचा फोन फुकट दिला तरी नको. आणि इथे ठाण्याच्या खाडीपलीकडे, ऐरोली-महाप्याला, डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. ॲमेझॉनने 2016 मध्ये, गूगलने 2017 मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रं उघडली. त्यातलं कुठलंही चालेल. "सर्व्हर कुठे आहे?" हा प्रश्न दराच्या आधी विचार, असं भाच्याला कळवलं.

7 डिसेंबर, रविवार

डोंबिवलीला गेलो. गाडीत बसून पिंग लावून ठेवलं, निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायला. ठाणे सोडताना 30-40, कळव्यानंतर उड्या, मुंब्र्याच्या डोंगराशी 200 च्या वर, दिव्याला पुन्हा ठीक. फास्ट लोकल 2022 पासून पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, तो आता लांबच्या गाड्यांना दिलाय. नाहीतर तिथे पिंगच राहिलं नसतं. सरासरी काढली तर आकडा देखणा येईल. पण पडद्याला सरासरी कळत नाही, त्याला एकेक चित्र वेळेवर हवं. या खाली-वर होण्याला जिटर म्हणतात. 20 वरून 200 वर नाचणाऱ्या लाइनपेक्षा एकसारखी 70 ची लाइन मी कधीही घेईन.

ताईकडे वायफायच्या डब्याशेजारी स्पीड टेस्ट केली: 94. (राउटरचं जुनं पोर्ट शंभराचं असलं की एवढंच दिसतं, केबलवाल्याशी भांडू नये.) स्वयंपाकघरात, जिथे ताई ऑर्डरी घेते, तिथे 11. इमारतीतले सगळे डबे 2.4 गिगाहर्ट्झवर आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच. स्पीड पुरत होता, पण पिंग मध्येच अडखळत होतं. ताईचा मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर घेतला आणि डबा शू-रॅकवरून उचलून दाराच्या वर टांगला. ताई म्हणाली, "वरच टांगायचं होतं तर तुला ठाण्याहून कशाला बोलावलं?" मेतकूट-भात मात्र वाढला.

खरा घोळ गाळ्यावर. तिथे 40 चा प्लॅन, पण अपलोड जेमतेम 10, आणि चार कॅमेरे दिवसभर आपलं चित्रीकरण क्लाउडवर चढवतात, प्रत्येकी दोन मेगाबिटने. स्पीड टेस्ट डाउनलोडचे 38 दाखवून शाबासकी देते. पण भाचेसुनेने फोटो पाठवायला घेतला की वरच्या दिशेला राउटरमध्ये रांग लागते आणि बोटाचा चिमूटभर निरोप त्या रांगेत शेवटी उभा राहतो. पिंग 8 वरून 300 ला. कॅमेऱ्यांची वायर काढली, पुन्हा 8. वायर लावली, 300. भाचेसून म्हणाली, "मामा, म्हणजे आमचेच कॅमेरे आमच्या वाटेत?" मी मान डोलावली.

कॅमेऱ्यांचं चित्रीकरण गाळ्यातच हार्ड डिस्कवर ठेवायचं आणि हालचाल झाली तरच वर चढवायचं, असं ठरलं. सोनारपाड्यापर्यंत भाचा सोडायला आला. मेट्रो 12 साठी रस्ता खणलेला. काचतंतू तुटला तर जोडणाऱ्याची वाट पाहत बसावं लागतं. मग शंभर काय आणि हजार काय.

9 डिसेंबर, मंगळवार

भाच्याला नवी शंका: त्या फोनवर यूपीआय चालेल का? नाही चालणार. नोंदणी करताना फोनमधल्या सिमवरून मेसेज जावा लागतो, आणि तिकडच्या फोनात सिमच नाही. ते एक बरंच आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर बँक उघडून ठेवू नये, या मताचा मी आहे.

व्हॉट्सॲपचंही तेच होण्याची चिन्हं. 28 नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने आदेश काढलाय: मेसेजिंग ॲप ज्या सिमवर नोंदवलं ते सिम त्याच उपकरणात चालू हवं, 90 दिवसांत तशी व्यवस्था करा, आणि वेब आवृत्तीतून दर सहा तासांनी लॉगआउट करा. ऑर्डरी तर सगळ्या व्हॉट्सॲपवर! इतके दिवस मिलिसेकंद मोजले आणि गाडी अडली सिमवर. भाचा गप्प झाला.

14 डिसेंबर, रविवार

ताईचा फोन. व्हॉट्सॲप एका नंबरवर आणखी चार उपकरणं जोडू देतं, त्यात दुसरा मोबाइलही चालतो, हे तिला खालच्या ब्यूटी पार्लरवालीने सांगितलं. गाळ्यावर जुना हँडसेट ठेवला, जोडला, दोघींना ऑर्डरी दिसतात. 2023 पासून ही सोय आहे. नव्या आदेशाचा तिला फटका बसेल की नाही, ते फेब्रुवारीअखेर कळेल.

भाच्याने तरीही मुंबईतल्या सर्व्हरवरचा फोन महिन्याभरासाठी घेतलाच. त्यावर मालाच्या फोटोंचा कॅटलॉग आणि हिशेबाचं ॲप ठेवलंय. गाळ्यावरून छान चालतो म्हणाला, यादी बोटाबरोबर सरकते. तीन कॅमेऱ्यांची जुळणी झाली, चौथ्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. तो बसवणारा माणूस गावी गेलाय, गुरुवारी येतो म्हणालाय.