सहल सगळ्या वर्गाची

शाळेची सहल म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तीन दिवसांची मौज वाटते. ती काढणाऱ्यांना मात्र ती जून महिन्यात सुरू होणारी आणि शेवटचे मूल घरच्यांच्या हाती सोपवल्यावरच संपणारी जबाबदारी असते. धाराशिव जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका खेड्याच्या शाळेत आम्ही काही शिक्षक-शिक्षिका गेली कित्येक वर्षे ही जबाबदारी मिळून उचलत आलो आहोत. या काळात गाडी, रस्ते आणि मुक्काम यांविषयी आम्ही पुष्कळ शिकलो. पण सर्वांत मोठा धडा शिकवला तो एका वर्षीच्या तारखेच्या प्रश्नाने.

आमच्या जिल्ह्यात पाहण्यासारखे कमी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आहे, परंड्याचा भुईकोट आहे, धाराशिवची लेणी आहेत, संत गोरोबाकाकांचे तेर आहे. सकाळी निघून दिवेलागणीला परतावे अशा या सहली. परंतु मुले आठवी-नववीत गेली, की त्यांना घराबाहेर मुक्काम हवा असतो. डोंगर, घाट, धुके हवे असते. त्या वर्षी तर त्यांच्या मागणीने कमाल केली. गुलमर्गच्या उतारांवर पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणारी मुले त्यांनी दूरदर्शनवर पाहिली होती. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० सालापासून सुरू झाल्या आणि तेव्हापासून अशी दृश्ये खेड्यापाड्यांतल्या घरांतही दिसू लागली. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न आला, "सर, आपली सहल तिथं न्हाई का जायची?"

या प्रश्नाला हसून वाटेला लावणे सोपे होते. आम्ही तसे केले नाही. वर्गातच कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि मनालीजवळचे सोलंग ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. मनालीला १९६१ साली सुरू झालेली गिर्यारोहण प्रशिक्षण संस्था आहे. तेथे या खेळाचे रीतसर शिक्षण मिळते. पण तो शिक्षणक्रम सुमारे दोन आठवड्यांचा. सोलापूरहून दिल्ली, तेथून पुढे रात्रभराचा डोंगरी प्रवास, बर्फातील बूट, जाड कोट, हातमोजे, राहणे, खाणे. फळ्यावर आकडे वाढत गेले, तसा वर्ग शांत होत गेला. ज्यांच्या घरी एका स्वेटरवर दोन भावंडांचा हिवाळा निघतो, त्यांना त्या बेरजेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच तासाला आम्ही त्यांना फ्रान्समधली एक गोष्ट सांगितली. पॅरिसला लागून असलेल्या वाँव्ह या गावी माक्स फुरेस्तिए नावाचे एक डॉक्टर होते. मुलांनी अर्धा दिवस अभ्यास करावा आणि अर्धा दिवस मोकळ्या हवेत शरीर कमवावे, असा प्रयोग त्यांनी तेथील शाळेत चालवला होता. १९५३ साली तिथला एक वर्ग दप्तरे आणि शिक्षक यांसह आल्प्स पर्वतातील ला फेक्लाज येथे नेण्यात आला. अर्धा दिवस धडे, अर्धा दिवस बर्फ. पुढे "हिमवर्ग" ही पद्धत फ्रान्सभर पसरली आणि अनेक नगरपालिकांनी तिच्या खर्चाचा भार उचलला. बर्फावरचा खेळ हा तोवर बहुतांशी सुखवस्तू घरांतला शौक. तो साध्या घरांतील मुलांपर्यंत पोहोचला, कारण सहलीचे एकक श्रीमंत मूल न धरता अख्खा वर्ग धरला गेला. गोष्ट सांगताना आमचे लक्ष बर्फाकडेच होते. तिच्यातला "अख्खा वर्ग" आम्हांला थोड्याच दिवसांत पुन्हा आठवणार होता.

गुलमर्ग बारगळले, तेव्हा कुणीतरी महाबळेश्वरचे नाव काढले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या गावी बर्फ पडत नाही हे खरे. पण डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका वाढला, की वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटेचे दव गोठते. गवताची पाती, मोटारींचे टप पांढरे होतात. त्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. धाराशिवच्या मुलाला आपल्या राज्यात, एसटीच्या गाडीने जाऊन हात लावता येईल असे बर्फाचे सर्वांत जवळचे रूप हेच. मुले हरखली. जानेवारीचा दुसरा आठवडा ठरला. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण, वाई असा मार्ग आखला गेला.

मग नावांची यादी करायला बसलो. वर्गाचा पट ३८. यादीत नावे २९.

उरलेल्या ९ मुलांची नावे कुणी गाळली नव्हती. ती जानेवारीत गावातच असणार नव्हती. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो. टोळीची गाडी आली, की भांडीकुंडी, शेळी, लेकरे घेऊन निघावे लागते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तेच घर. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि काही मुले तिच्या आधाराने शाळेत टिकतात. पण ज्या घरी तान्हे मूल आहे, तिथे थोरल्या मुलीला आईबरोबर जावेच लागते. शाळांच्या सहली निघण्याचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. वर्षानुवर्षे आमच्या सहली हिवाळ्यात निघत होत्या आणि ही मुले वर्षानुवर्षे फडात असत.

यावर आमच्यात जो वाद झाला, तो येथे मांडला पाहिजे. कारण दोन्ही बाजू चांगल्या मनाच्याच होत्या. एक बाजू म्हणाली, की २९ मुलांचा आनंद ९ मुलांसाठी का मोडावा? पावसाळ्यानंतर लगेच गेलो, तर घाटात धुके, रस्ते निसरडे, सहामाही परीक्षा तोंडावर आणि ज्या गोठलेल्या दवासाठी मुलांनी ध्यास घेतला ते तर दिसणारच नाही. शिवाय त्या ९ घरांतून वर्गणी येणार कुठून? दुसरी बाजू एवढेच विचारत होती, की जी मुले वर्षातले पाच महिने वर्गाबाहेर असतात, त्यांना वर्गाबरोबरच्या आठवणीतूनही वगळायचे का? वर्गणीचा मुद्दा अवघड होता. पण तो तारखेशी जोडणे बरोबर नाही, हे दोन्ही बाजूंना पटले. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला "तुला येता आले नसतेच" असे सांगता येते. त्यामुळे आपल्याला त्याच्या पैशांचा विचार करावा लागत नाही. तारीख बदलली, की ही सोय जाते.

शेवटी आम्ही प्रश्न वर्गापुढे ठेवला: बर्फ की सगळा वर्ग? उत्तर लगेच आले असे सांगणे खोटे होईल. काही मुले रुसली. एकाने, "त्यांना उन्हाळ्यात न्या की वेगळं," असेही सुचवले. दोन दिवस वर्गात कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी वर्गप्रमुख मुलगी येऊन म्हणाली, "बाई, सगळेच जाऊ. बर्फ पेपरात बघू."

आता दिवस शोधायचे होते. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे गाड्यांची ओढाताण. तुळजापूरच्या यात्रेसाठी जादा गाड्या सोडाव्या लागतात. त्यानंतर परीक्षा. परीक्षेचा शेवटचा पेपर आणि टोळ्या हलण्याचा काळ यांच्या मध्ये चार दिवस उरत होते. तेच धरले. एका मुलीचे वडील मात्र अडले. "सर, उचल घेतली हाय. टोळी निघाली की निघावं लागतंय. अन् ही न्हाई आली तर धाकट्याला कोपीवर कोण बघणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते आणि आम्हांला त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकारही नव्हता. वाट काढली ती मुलीच्या आजीने. आठ दिवस नात आपल्याजवळ ठेवून मग चुलत्याबरोबर तिला कारखान्यावर धाडायचे तिने कबूल केले. जाताना म्हणाली, "माझ्याकडं पैसं न्हाईत, गुरुजी. ही पायलीभर ज्वारी घ्या." त्या ज्वारीच्या भाकरी पहिल्या दिवशी अकलूजच्या पुढे एका झाडाखाली सगळ्या वर्गाने खाल्ल्या.

पैशांची व्यवस्था साधी होती. शैक्षणिक सहलीसाठी एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते. उरलेल्या रकमेसाठी शनिवारी एक डबा फिरे. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने टाकावे. कुणाचे किती जमले, याची वही एका बाईंच्याच कपाटात राही आणि ती वर्गात कधीही वाचली गेली नाही. कमी पडले ते माजी विद्यार्थ्यांनी आणि गावातल्या दुकानदारांनी भरले. कुणासाठी भरले, हे त्यांनाही सांगितले नाही.

सुरक्षिततेविषयी मात्र सवलत नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले; १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. अशा बातम्या वाचल्यावर परवानगीच्या कागदांचा कंटाळा करणे शिक्षकाला शोभत नाही. पालकांची संमतिपत्रे घरोघरी जाऊन, वाचून दाखवून घेतली. काहींवर अंगठे होते. मुलांच्या जोड्या लावल्या. गाडी थांबली की जोडी मोजायची, निघताना पुन्हा मोजायची. मुलींबरोबर दोन शिक्षिका. रात्रीचा प्रवास नाही. आणि वेण्णा तलावात नौकाविहार नाही. मुलांनी कितीही विनवण्या केल्या, तरी नाही.

सहलीचे वर्णन लांबवत नाही. पसरणीच्या घाटात निम्मी गाडी ओकली. लिंबे आणि आवळासुपारी कामी आली. पाचगणीच्या पठारावर मुले धावली. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णेचा उगम दाखवला आणि नळदुर्गची बोरी भीमेला, भीमा कृष्णेला मिळते हे सांगितले, तेव्हा आपल्या गावाकडचे पाणी याच नदीचे नातलग आहे याचे मुलांना नवल वाटले. जिथे वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या मुलांना पाच हजार मिलीमीटरहून अधिक पावसाचे गाव अचंब्याचे वाटणारच. प्रतापगडावर १६६१ साली शिवाजी महाराजांनी स्थापिलेले भवानीचे मंदिर पाहून एकजण ओरडला, "आपल्या तुळजापूरची देवी!" दुसऱ्या पहाटे वेण्णा तलावाकाठी मुलांनी गवतावरून हात फिरवले. दव होते, गार होते, गोठलेले नव्हते. ती ज्वारीवाल्या आजीची नात हात गालाला लावून बराच वेळ उभी होती. काय वाटते, असे आम्ही तिला विचारले नाही.

परत आल्यावर आठवड्याच्या आत ती कारखान्यावर गेली. सहलीने तिचा कोयत्याचा हंगाम टळला नाही आणि टळेल असे आम्हीही मानले नव्हते. जानेवारीत गोठलेल्या दवाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. मुलांनी ते कापून फलकावर लावले. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या, तोवर कागद पिवळा पडला होता. तरीही परत आलेल्यांना फलकापाशी नेऊन "आपण हितंच उभं होतो" असे दाखवण्यात आले. "आपण" हा शब्द त्या ९ जणांसाठी वर्गात पूर्वी इतक्या सहजपणे वापरला जात नसे, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आपल्या धर्मग्रामांतूनही मुलांच्या सहली निघतात. कधी बांद्र्याच्या मोतमाउलीला, कधी जुन्या गोव्याला, कधी नुसत्या एखाद्या डोंगरावर. त्या काढणाऱ्या पालकांना आणि तरुणांना आमचे एक सांगणे आहे. ठिकाण ठरवण्याआधी मुलांची पूर्ण यादी समोर घ्यावी. कोणते मूल कोणत्या महिन्यात कामावर, गावी किंवा दुखणेकऱ्याजवळ असते, याची चौकशी करावी आणि मगच तारीख ठरवावी. वर्गणीचा आकडा जाहीर करण्याआधी, तो ज्यांना झेपणार नाही त्यांची तजवीज गुपचूप करून ठेवावी. यात एखादे रम्य ठिकाण हुकेल, थंडीची मजा हुकेल. तेवढी हुकू द्यावी.