जिनी आणि ब्रूनो

पेणला आमची लॅब्राडोर जिनी, रोह्याला मामाचा जर्मन शेफर्ड ब्रूनो. "जोडी लावूया रे, पिल्लं झकास होतील," मामाचा आग्रह. मोह मलाही झालाच. जाती वेगळ्या म्हणजे आजार कमी, असं सगळेच सांगतात. पण खुब्याच्या सांध्याचं आनुवंशिक दुखणं या दोन्ही जातींत आढळतं, म्हणजे पिल्लांना ते दोन्हीकडून येऊ शकतं. शिवाय साधारण ६३ दिवसांनी सात-आठ पिल्लं झाली, की निदान ८ आठवडे ती आईजवळच हवीत. आणि पुढे? पेणचे गणपती दहा दिवसांत निरोप घेतात, कुत्रं दहा-बारा वर्षं घरात असतं. "मला एक ठेव हं" म्हणणारे मित्र पाच, नक्की नेणारा एकही नाही. असो. मामाला नाही म्हणून कळवलं. तो रुसलाय. जिनीचं नसबंदीचं ऑपरेशन पुढच्या शनिवारी.