शेगडी आणि झरोका

सन १९३४ च्या हिवाळ्यात रिचर्ड बर्ड हा अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकावर, बर्फात पुरलेल्या खोपटात एकटाच राहिला. बाहेर पारा शून्याखाली ५० अंशांच्याही खाली उतरे. आत शेगडी होती. परंतु बर्फाने धुराडी कोंदत आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड आत साठे. या वायूला ना रंग, ना गंध. एके दिवशी बर्ड कोसळला. पुढे तो कित्येक तास शेगडी विझवून गारठ्यात काढी. मात्र सोबत्यांचे प्राण संकटात पडू नयेत म्हणून त्याने मदत मागितली नाही. त्याच्या संदेशांतील विस्कळितपणा ओळखून तेच ऑगस्टात धावून आले. आज हिमप्रदेशात चाकांवरच्या घरात मुक्काम करणाऱ्यानेही शेगडी पेटविताना झरोका उघडा ठेवावा. उबेइतकीच हवाही जीवनदायी आहे.